हुद्दा नसलेली अभियंता : एमिली रोब्लिंग

वाचकहो, आपण एखाद्या पुलावरून जातो तेव्हा तो कोणी बांधला हा प्रश्न सहसा आपल्या मनात येत नाही. पुलाच्या तोंडाशी पाटी असली, तर तिच्यावर मंत्र्यांचे किंवा मुख्य अभियंत्याचे नाव असते. परंतु जगातील एका प्रसिद्ध पुलाच्या बांधकामात अशा एका स्त्रीचा मोठा वाटा आहे, की जिला हुद्दा नव्हता, पगार नव्हता आणि अभियांत्रिकीची पदवीही नव्हती. अमेरिकेतील ब्रुकलिन पूल आणि एमिली वॉरेन रोब्लिंग यांची ही हकीकत विद्यार्थ्यांनी वाचावी आणि त्यांच्या आईवडिलांनीही वाचावी, म्हणून येथे देत आहोत.

एमिलीचा जन्म २३ सप्टेंबर १८४३ रोजी न्यूयॉर्क राज्यातील कोल्ड स्प्रिंग या लहान गावी झाला. घरात बारा भावंडे. १८५९ साली वडील वारले, तेव्हा ती पंधरा वर्षांची होती. अशा वेळी मुलीचे शिक्षण थांबते, हे आपण आपल्या आसपासही पाहतो. पण तिच्या मागे तिचा थोरला भाऊ उभा राहिला. तो लष्करात अधिकारी होता आणि पुढे जनरल वॉरेन म्हणून नावाजला गेला. त्याच्या पाठिंब्याने एमिली वॉशिंग्टन शहरातील एका कन्याशाळेत शिकू लागली. तेथे गृहव्यवस्थेबरोबर इतिहास, भूगोल, बीजगणित, खगोलशास्त्र आणि फ्रेंच हे विषयही होते. या बीजगणिताचा पुढे काय उपयोग होणार, हे त्या वेळी कोणालाच ठाऊक नव्हते. एवढे मात्र खरे, की भावाने त्या वेळी हात आखडता घेतला असता, तर पुढची हकीकत घडलीच नसती.

१८६५ च्या जानेवारीत तिचा विवाह वॉशिंग्टन रोब्लिंग या तरुण अभियंत्याशी झाला. त्याचे वडील जॉन रोब्लिंग हे झुलत्या पुलांचे निष्णात कारागीर होते. न्यूयॉर्क आणि ब्रुकलिन ही तेव्हा दोन वेगळी शहरे होती आणि मध्ये ईस्ट रिव्हर. ती नावाला नदी, पण खरे म्हणजे भरती-ओहोटीची खाडीच. लोक बोटीने ये-जा करीत आणि हिवाळ्यात बर्फ साचला की तीही बंद पडे. तेथे पूल बांधण्याची जॉन रोब्लिंग यांची योजना होती. नदीखाली पाया कसा घालावा याचा अभ्यास करण्यासाठी १८६७ साली नवराबायको युरोपात गेली. त्या प्रवासातच त्यांना मुलगा झाला.

१८६९ च्या जूनमध्ये जागेची पाहणी करताना जॉन रोब्लिंग यांचा पाय बोटीच्या धडकेने चिरडला. धनुर्वात होऊन पुढल्या महिन्यात त्यांचे निधन झाले. बत्तीस वर्षांचा मुलगा मुख्य अभियंता झाला आणि १८७० साली कामास आरंभ झाला.

विद्यार्थी मित्रांनो, हा पाया कसा घातला ते समजून घेण्यासारखे आहे. घराएवढी प्रचंड लाकडी पेटी पालथी करून नदीच्या तळाशी बसवीत. आत पाणी शिरू नये म्हणून दाबाची हवा सोडीत. मजूर आत उतरून तळ खणीत आणि पेटीच्या डोक्यावर दगडी मनोरा चढत जाई. तसतशी पेटी खाली खचे. ब्रुकलिनच्या बाजूची पेटी सुमारे ४४ फूट खोल गेली, तर न्यूयॉर्कच्या बाजूची ७८ फूट. दाबाच्या हवेतून माणूस घाईने वर आला, की रक्तात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होतात. सांधे असह्य दुखतात, अंग लुळे पडते, प्राणही जातो. त्या काळी डॉक्टरांना या रोगाचे कारण नीट उमगले नव्हते. मजुरांबरोबर वारंवार खाली उतरणारा मुख्य अभियंताही त्यातून सुटला नाही. १८७२ मध्ये त्याने अंथरूण धरले. नजर मंद झाली, माणसांशी बोलणेही सोसेना.

काम अर्धवट आणि करणारा अंथरुणावर! येथून एमिलीचे खरे काम सुरू झाले. पहिल्याने ती केवळ लिहून घेणारी होती. पती सांगे, ती सूचनांची पाने भरी. परंतु न कळणारी गोष्ट लिहून घेण्यात चूक होणारच, हे तिने ओळखले. म्हणून तिने उच्च गणित, पदार्थांची ताकद, केबलवर पडणारा ताण आणि लोंबत्या तारेची वक्ररेषा यांचा घरीच पतीपाशी अभ्यास केला. घरात लहान मूल, आजारी नवरा आणि हा अभ्यास! ती नेमाने बांधकामावर जाई, सूचना साहाय्यक अभियंत्यांना समजावून सांगे, त्यांच्या अडचणी ऐके आणि उत्तर घेऊन पुन्हा जाई. पती घराच्या खिडकीतून दुर्बिणीने काम पाही. पोलादी सामान पुरविणारे लोक भेटीस येत, त्यांच्याशी ती नकाशे पुढे ठेवून बोले. पुलाचा मूळ आराखडा सासऱ्यांचा आणि निर्णय पतीचे, हे खरे आहे. परंतु खोलीतील निर्णय नदीवर बिनचूक पोहोचला, तो तिच्यामुळे.

संकटे थोडी नव्हती. १८७८ साली केबलच्या तारेत एका कंत्राटदाराची लबाडी उघडकीस आली. नापास झालेली तार पास म्हणून आत जात होती. बसविलेली तार काढणे शक्य नव्हते, म्हणून प्रत्येक केबलमध्ये सुमारे १५० तारा जादा घालून मजबुती राखली गेली. १८८२ मध्ये विश्वस्तांपैकी काहींनी आजारी मुख्य अभियंत्यास दूर करण्याचा ठराव आणला. पतीच्या वतीने पत्रव्यवहार आणि भेटीगाठी एमिलीच सांभाळीत होती. मतदान झाले आणि सातविरुद्ध दहा मतांनी तो पदावर राहिला.

उद्घाटनापूर्वी पुलावरून पहिली घोडागाडी गेली ती एमिलीची. विजयाची खूण म्हणून तिने सोबत एक कोंबडा घेतला होता. २४ मे १८८३ रोजी राष्ट्राध्यक्ष आर्थर यांच्या उपस्थितीत पूल खुला झाला. चौदा वर्षांचे काम, वीसहून अधिक माणसांचे बळी आणि दोन मनोऱ्यांमधील अंतर १,५९५ फूट. त्या वेळी जगात एवढा लांब झुलता गाळा दुसरा नव्हता.

पुढे एमिली स्वस्थ बसली नाही. १८९९ साली, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, तिने न्यूयॉर्क विद्यापीठाचे कायद्याचे प्रमाणपत्र मिळविले. विवाहित स्त्रीवर कायद्याने लादलेल्या बंधनांवर तिने निबंध लिहिला. २८ फेब्रुवारी १९०३ रोजी ती निवर्तली. पती, ज्याच्या जगण्याची आशा नव्हती, तो १९२६ पर्यंत जगला.

आता, पालकहो, एका गोष्टीचा विचार करा. उद्घाटनाच्या दिवशी मुख्य वक्ते अब्राम ह्यूइट यांनी एमिलीचा गौरव करताना दोन गोष्टी सांगितल्या होत्या. एक, स्त्रीचा त्याग. दुसरी, उच्च शिक्षण घेण्याची तिची पात्रता, ज्यापासून तिला फार काळ दूर ठेवले गेले. १९५१ साली पुलावर तिच्या नावाची पाटी लागली. त्या पाटीवर श्रद्धा, धैर्य आणि त्याग आहे, दुसरी गोष्ट मात्र नाही. आपणही बहुधा अशीच अर्धी पाटी लिहितो. मुलगी कष्टाळू आहे, सोशिक आहे, म्हणून आपण तिचे कौतुक करतो आणि दहावीनंतर तिचे दप्तर माळ्यावर टाकतो. पण निव्वळ सोशिकपणाने केबलचा ताण मोजता येत नाही. आजारी पतीची सेवा तर लाखो स्त्रिया करतात. एमिली त्याच्या कामाचीही वाहक होऊ शकली, कारण तिला गणित येत होते आणि न येणारे शिकण्याची तिची तयारी होती.

तिला जो हुद्दा कधी मिळाला नाही, तो पुढे आपल्याच देशातील एका स्त्रीने मिळविला. मद्रासच्या गिंडी अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेल्या पी. के. थ्रेसिया १९७१ साली केरळच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात मुख्य अभियंता झाल्या. आज अशी महाविद्यालये आपल्या मुलींनाही खुली आहेत. मुलींनो, गणिताला भिऊ नका. आणि घरातील थोरल्या भावांनो, कोल्ड स्प्रिंगच्या त्या भावाची आठवण ठेवा. पुलाचा पहिला दगड त्यानेच रचला होता.