विज्ञान सर्वांसाठी मागणारे डॉ. कोठारी

‘कोठारी आयोग’ हे नाव सर्वपरिचित आहे. मात्र त्याचे अध्यक्ष डॉ. दौलतसिंह कोठारी मुळात पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक होते, याचा अनेकांना विसर पडतो.

६ जुलै १९०६ रोजी उदयपूर येथे जन्मलेल्या कोठारींनी अलाहाबादेत मेघनाद साहा यांच्याकडे शिक्षण घेतले. केंब्रिजमधील संशोधनानंतर १९३४ पासून ते दिल्ली विद्यापीठात अध्यापन करू लागले. श्वेत बटू ताऱ्यांविषयीच्या संशोधनाने त्यांना कीर्ती मिळाली. १९६१ मध्ये ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले.

१९६४ मध्ये नेमलेल्या शिक्षण आयोगाची धुराही त्यांच्याकडे आली. कोल्हापूर जिल्ह्यातील जे. पी. नाईक सदस्य-सचिव होते. शालेय शिक्षणाच्या पहिल्या दहा वर्षांत विज्ञान व गणित सर्वांना अनिवार्य असावे, विज्ञान पाठांतराऐवजी प्रयोगांतून शिकवावे, शिक्षकांचे वेतन व प्रशिक्षण सुधारावे, अशा शिफारशी १९६६ च्या अहवालात होत्या. त्यासाठी राष्ट्रीय उत्पन्नाचा ६ टक्के वाटा शिक्षणावर खर्च व्हावा, अशी अपेक्षा होती.

१९६८ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने विज्ञानाचा आग्रह आणि ६ टक्क्यांचे उद्दिष्ट, दोन्ही स्वीकारले. त्यानुसार विज्ञान अभ्यासक्रमात आले. निधी मात्र त्या प्रमाणात आला नाही. पुस्तकात धडा छापणे सोपे असते. प्रयोगशाळा आणि प्रशिक्षित शिक्षक पैशावाचून उभे राहत नाहीत.

४ फेब्रुवारी १९९३ रोजी कोठारींचे निधन झाले. २०२० च्या धोरणालाही ६ टक्क्यांचे तेच उद्दिष्ट पुन्हा नोंदवावे लागले.