एडिसनचा फ्यूज आणि तुमचा जुना मेन बोर्ड

थॉमस एडिसन (१८४७–१९३१) म्हटलं की बल्ब आठवतो. मला विचाराल तर त्याचा फ्यूज जास्त कामाचा. १८८० मध्ये त्याने पेटंट घेतलं: करंट वाढला की बारीक तार आधी वितळते, वायरिंग वाचते. दोन वर्षांनी न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर त्याने वीजकेंद्र सुरू केलं. पुढे एसीला विरोध करून हरला, ते असो.

१९२४ मध्ये जर्मनीत ह्यूगो स्टॉट्झच्या कंपनीने एमसीबी आणला. तरी आपल्या जुन्या घरांत किटकॅट फ्यूज आहेतच. त्यात कुणी जाड तार घातली की फ्यूज उडतच नाही, वायरिंग तापते. बोर्ड बदलताना एमसीबी वायरच्या जाडीनुसार घ्या. शॉकपासून बचावाला आरसीसीबी वेगळा लागतो.