स्वप्नातील पाप आणि संत ऑगस्टिन

२८ ऑगस्ट रोजी ख्रिस्तसभा हिप्पोचे बिशप व थोर धर्मपंडित संत ऑगस्टिन यांचा सण साजरा करते. आदल्या दिवशी, २७ ऑगस्ट रोजी, त्यांच्या माता संत मोनिका यांचे स्मरण केले जाते. या निमित्ताने संत ऑगस्टिन यांचे चरित्र आम्ही एका विशिष्ट प्रश्नाच्या प्रकाशात वाचकांपुढे ठेवीत आहोत. स्वप्नात घडलेले कृत्य पाप ठरते काय, हा तो प्रश्न होय.

साक्री-पिंपळनेरकडील आपल्या गावांत स्वप्नाला आजही मान आहे. पूर्वज स्वप्नात आले, काही मागून गेले, असे सहज बोलले जाते. मनी वसे ते स्वप्नी दिसे, ही म्हण तर सर्वांच्या तोंडी आहे. त्यामुळे स्वप्नात कोणावर हात उगारला, चोरी केली किंवा विवाहाची निष्ठा मोडली, तर हे आपल्याच मनात होते, आपण पापी आहोत, असे मानून एखादा भाविक पवित्र कम्युनियनपासून दूर राहतो. तरुणांचा प्रश्न आणखी पुढचा असतो. काही वेळा स्वप्न चालू असतानाच हे स्वप्न आहे असे कळते, आणि ते आपल्या इच्छेप्रमाणे वळविताही येते. मग तेथे केलेल्या कृत्याचा दोष कोणाचा?

ऑगस्टिन यांचा जन्म १३ नोव्हेंबर ३५४ रोजी उत्तर आफ्रिकेतील थागास्ते येथे झाला. ते स्थळ आज अल्जीरियातील सूक अहरास या नावाने ओळखले जाते. वडील पॅट्रिशियस बेताच्या उत्पन्नाचे गृहस्थ होते आणि त्यांनी आयुष्याच्या अखेरीस ख्रिस्ती श्रद्धा स्वीकारली. आई मोनिका मात्र आरंभापासून श्रद्धावान होती. सोळाव्या वर्षी, पैशांअभावी शिक्षण थांबले असताना, ऑगस्टिन यांनी मित्रांसह एका रात्री शेजारच्या झाडाची नासपतीची फळे चोरली. भूक नव्हती. फळेही चांगली नव्हती आणि बहुतेक डुकरांपुढे टाकली गेली. पुढे बिशप झाल्यावर आपल्या आत्मकथनात त्यांनी या क्षुल्लक चोरीवर पानेच्या पाने खर्च केली, कारण ती चोरी त्यांनी पूर्ण शुद्धीत, केवळ निषिद्ध कृत्याच्या गोडीने केली होती.

पुढील शिक्षणासाठी ते कार्थेजला गेले. तेथे एका स्त्रीशी त्यांचा विवाहावाचून संबंध जडला आणि अदेओदातुस हा पुत्र झाला. त्याच काळात ते मानी पंथाकडे ओढले गेले व सुमारे नऊ वर्षे त्या पंथात राहिले. त्या पंथाची एक शिकवण त्यांना विशेष सोयीची वाटे. पाप मनुष्य स्वतः करीत नाही, त्याच्या ठायी वसणारी दुसरीच एखादी प्रकृती ते करते, असे तो पंथ सांगे. ते मी नव्हतो असे म्हणून मोकळे होण्याचा मार्ग त्यांना तारुण्यातच सापडला होता. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी.

मोनिका पुत्रासाठी अश्रू ढाळीत होती. त्या दिवसांत तिला एक स्वप्न पडले. ती एका लाकडी पट्टीवर शोक करीत उभी होती. एका तेजस्वी तरुणाने तिला धीर दिला आणि जेथे ती आहे तेथेच तिचा पुत्रही आहे, हे पाहावयास सांगितले. तिने वळून पाहिले तो ऑगस्टिन त्याच पट्टीवर तिच्याजवळ उभे होते. ते स्वप्न खरे ठरावयास पुढे जवळजवळ नऊ वर्षे लागली. तथापि मोनिका प्रत्येक स्वप्नाला देवाचा संदेश मानीत नसे. पुढे पुत्राच्या विवाहाबाबत तिला काही दृश्ये दिसली, तेव्हा ती आपल्याच मनाची असल्याचे तिने ओळखले व त्यांना महत्त्व दिले नाही.

३८४ साली ऑगस्टिन मिलान येथे अलंकारशास्त्राचे अध्यापक झाले. तेथे बिशप संत अँब्रोज यांची प्रवचने त्यांनी ऐकली. ३८६ साली त्यांचे हृदयपरिवर्तन झाले आणि ३८७ च्या ईस्टरच्या रात्री संत अँब्रोज यांच्या हस्ते त्यांना व त्यांच्या पुत्राला स्नानसंस्कार मिळाला. त्याच वर्षी रोमजवळच्या ओस्तिया येथे मोनिकाचे निधन झाले. आफ्रिकेत परतल्यावर थोड्याच काळात अदेओदातुसही वारला. ३९१ साली ऑगस्टिन यांना हिप्पो येथे गुरुदीक्षा मिळाली आणि पुढे चार-पाच वर्षांतच ते तेथील बिशप झाले.

३९७ च्या सुमारास त्यांनी आपले प्रसिद्ध आत्मकथन लिहावयास घेतले. त्याच्या दहाव्या भागात ते भूतकाळ सोडून बिशप म्हणून आपली आजची स्थिती तपासतात. ब्रह्मचर्य स्वीकारून दहा वर्षे लोटली होती. जुन्या सवयींची चित्रे जागेपणी आली तरी ती दुबळी असत. झोपेत मात्र तीच चित्रे बळावत आणि मनाची संमतीही मिळवीत, असे त्यांनी देवापुढे उघडपणे मांडले. एका बिशपाने आपल्या भाविकांच्या हाती असे लिखाण द्यावे, याला मोठे धैर्य लागले असेल.

झोपेत मी तोच नसतो काय, असा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला. जागे झाल्यावर विवेक शांत असतो, त्यावरून ते कृत्य आपण केलेले नाही, ते आपल्या ठायी केवळ घडले आहे, असा त्यांनी निर्वाळा दिला. येथे मानी पंथाची आठवण उपयोगी पडते. पाप मी केले नाही, या सबबीचा मोह ज्यांनी नऊ वर्षे अनुभवला, त्यांनीच पुन्हा तसे म्हणावे, यामागे फार सावध विचार आहे. जागेपणी चोरलेल्या हलक्या फळांचा दोष त्यांनी पूर्णपणे स्वतःकडे घेतला. स्वप्नातील कितीतरी प्रबळ वासनेचा दोष त्यांनी घेतला नाही. फरक कृत्याच्या आकाराचा नव्हता, स्वतंत्र संमतीचा होता. आणि दोष नाही म्हणून ते स्वस्थही बसले नाहीत. आपल्या ठायी असे घडते याचे त्यांना दुःख होते, आणि देवाची कृपा झोपेपर्यंत पोहोचावी अशी याचना त्यांनी केली.

स्वप्नात स्वप्नाची जाणीव होण्याचा अनुभवही त्यांना होता. उत्पत्तीच्या ग्रंथावरील आपल्या मोठ्या भाष्याच्या बाराव्या भागात ते सांगतात की, एकदा स्वप्नातच त्यांना आपण स्वप्न पाहत आहोत हे कळले. मग समोर दिसणाऱ्या मित्राला ते समजावू लागले की हे सारे स्वप्न आहे. तो मित्रही स्वप्नातलाच आहे, हे मात्र त्यांच्या ध्यानात आले नाही! जाणीव होती, पण ती अर्धीच. याच भागात ते राजा शलमोनाचे उदाहरण देतात. त्याने स्वप्नात ज्ञान मागितले आणि देव प्रसन्न झाला. जागेपणी जोपासलेली सद्‌भावना झोपेतही उमटते, असा त्याचा अर्थ.

तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी हाच धागा पुढे नेला. स्वप्न ओळखणारा मनुष्यही दुसऱ्या कोणत्या तरी बाबतीत फसलेला असतो, असे त्यांचे निरीक्षण आहे. झोपेत बुद्धीचा निर्णय मोकळा नसल्याने तेथे पाप घडत नाही. मात्र स्वप्नाचे कारण जागेपणीच्या दोषात असू शकते, असेही ते बजावतात. १९१३ साली डच वैद्य फ्रेडरिक व्हान एडन यांनी अशा स्वप्नांना वेगळे नाव दिले, आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रयोगशाळेत त्यांची नोंदही झाली. कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथात या स्वप्नांविषयी स्वतंत्र कलम नाही. पण गंभीर पापासाठी गंभीर विषय, पूर्ण जाणीव आणि बुद्धिपुरस्सर संमती या तीन गोष्टी एकत्र असाव्या लागतात, हे त्यात स्पष्ट आहे.

यावरून आपल्यापुरता बोध घेता येतो. गोठ्याचे दार नीट लावून निजलेल्या शेतकऱ्याचे जनावर रात्री दावे तोडून शेजाऱ्याच्या पिकात शिरले, तर त्याला कोणी चोर म्हणत नाही. संध्याकाळी मुद्दाम दावे सैल सोडणाऱ्याची गोष्ट वेगळी. हवे ते स्वप्न पडावे म्हणून निजण्यापूर्वी अशुद्ध दृश्ये पाहणे, सूडाचे बेत रंगविणे, किंवा जाग आल्यावर त्या स्वप्नाचा आनंद मुद्दाम घोळवीत राहणे, हे जागेपणीचे कृत्य होय. वासनेच्या नजरेविषयी प्रभू येशूने डोंगरावरील प्रवचनात दिलेला इशारा अशा जाणत्या इच्छेला लागू पडतो. स्वप्नातच जाणीव जागी झाली, तर जितके स्वातंत्र्य खरोखर लाभले असेल तितकीच जबाबदारी. ते बहुधा अपुरेच असते. तरी त्या क्षणी वाईटापासून वळता आले तर जरूर वळावे. राजा हरिश्चंद्राने स्वप्नात दिलेले राज्य सकाळी खरोखर देऊन टाकले, असे आपल्याकडची कथा सांगते. त्याचे सत्त्व दिसले ते सकाळच्या निश्चयात.

म्हणून केवळ स्वप्न पडले एवढ्यासाठी कोणी वेदीपासून दूर राहू नये. मन फारच अस्वस्थ असेल तर धर्मगुरूंशी मोकळेपणाने बोलावे.

४३० साली व्हँडल टोळ्यांनी हिप्पोला वेढा घातला असताना ऑगस्टिन तापाने अंथरुणाला खिळले. दाविदाची पश्चात्तापाची स्तोत्रे त्यांनी लिहवून भिंतीवर लावून घेतली होती. अखेरचे दहा दिवस ते ती वाचीत, अश्रू ढाळीत, एकांतात प्रार्थना करीत राहिले. २८ ऑगस्ट रोजी, वयाच्या ७५ व्या वर्षी त्यांनी देह ठेवला. ज्या देवाने त्यांना क्षमा केली, तो आपल्या जागेपणाचा आणि झोपेचाही सांभाळ करो, हीच प्रार्थना.