विश्लेषण : मराठी छापील अक्षराला वळण लावणारे जावजी दादाजी कोण होते?

हिंगोली जिल्ह्याच्या वसमत तालुक्यातील कुरुंदा असो की मुंबई. हळदीच्या पाकिटावर, शिकवणीच्या फलकावर, मोबाइलच्या पडद्यावर हल्ली जाड, गोलसर अक्षर दिसते. रेघ सगळीकडे जवळपास सारख्या जाडीची, टोके गोल, कोपरे बोथट. असे अक्षर आज फुकटही मिळते. पण मराठी अक्षर कागदावर स्वच्छ उमटावे म्हणून आयुष्य वेचणाऱ्या जावजी दादाजी चौधरी (१८३९-१८९२) यांचे नाव आज फारसे कोणाच्या ओठी नसते.

सुरुवात कशी झाली?

जावजींचा जन्म मुंबईतील गरीब घरातला. शिक्षण जेमतेम. लहान वयातच ते अमेरिकन मिशनच्या छापखान्यात महिना २ रुपये पगारावर खिळे घासू लागले. ओतलेल्या प्रत्येक खिळ्याच्या कडा घासून एकसारख्या करायच्या, हे ते काम. खिळा किंचित उंच राहिला तर शाई जास्त धरतो, बुटका राहिला तर उमटतच नाही. देवनागरी खिळे घडवणारे टॉमस ग्रॅहम याच छापखान्यात होते. पुढे जावजींनी मुंबईतील इतर छापखान्यांतही काम केले.

स्वतःचा कारखाना कधी?

१८६४ मध्ये त्यांनी खिळे ओतण्याचा कारखाना काढला. अक्षरे कोरण्यात निष्णात असलेले राणोजी रावजी आरू त्यांच्या सोबत होते. पोलादाच्या तुकड्यावर उलटे अक्षर कोरायचे, ते तांब्यावर ठोकून साचा करायचा आणि साच्यात शिशाचा रस ओतायचा, अशी ही पद्धत. काना, मात्रा, वेलांटी, जोडाक्षरे धरली तर देवनागरीला शेकडो खिळे लागत. १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना उभा राहिला आणि तिथून पंचांग निघू लागले. १८८६ पासून ‘काव्यमाला’तून संस्कृत ग्रंथ प्रसिद्ध झाले. निर्णयसागरच्या प्रती अभ्यासक आजही हाताळतात.

आजच्या जाड अक्षराशी संबंध काय?

जुन्या खिळ्यांचे वळण बोरूचे होते. रेघ कुठे जाड, कुठे बारीक. नव्या गोल अक्षराने हा फरक जवळजवळ पुसला. मुंबईच्या ‘एक टाइप’ने घडवलेला ‘बलू’ हा त्यातला परिचित फॉन्ट असून तो अनेक भारतीय लिप्यांत मोफत उपलब्ध आहे.

अडचण मात्र जुनीच आहे. ‘व’ आणि ‘ब’ यांत एका रेघेचा फरक. रेघ जाड झाली की अक्षराच्या पोटातली मोकळी जागा आक्रसते आणि ‘वाद’ झाला की ‘बाद’, हे कळेनासे होते. शिशाच्या खिळ्यात ती जागा शाईने भरायची, छोट्या पडद्यावर रेघच ती गिळते.

मग हे अक्षर कुठे वापरावे?

मथळा, पाटी, वेष्टन, मुलांच्या पुस्तकाचे मुखपृष्ठ येथे ते शोभते, कारण शब्द थोडे आणि आकार मोठा. औषधाची मात्रा, अर्जातील अटी किंवा लांबलचक मजकूर मात्र साध्या, मोकळ्या अक्षरातच हवा.

जावजी ५ एप्रिल १८९२ रोजी वारले. पुढे छापखाना त्यांचे पुत्र तुकाराम जावजी यांनी सांभाळला. खिळ्यांचा जमाना आता सरला आहे. पण वाचणाऱ्याला ‘व’ आणि ‘ब’ लगेच वेगळे ओळखता यावेत, ही कसोटी फॉन्टलाही लागू आहे.