मराठ्यांचा इतिहास लिहिणारा कॅप्टन : जेम्स ग्रँट डफ

सातारा, ८ जुलै : मराठ्यांचा पहिला सलग आणि साधार इंग्रजी इतिहास लिहिला, तो मराठ्यांचे राज्य बुडविणाऱ्या कंपनीच्याच एका लष्करी अधिकाऱ्याने. कॅप्टन जेम्स ग्रँट डफ यांची आज जयंती.

स्कॉटलंडमधील बॅन्फ येथे १७८९ मध्ये जन्मलेले ग्रँट कोवळ्या वयातच कंपनीच्या मुंबई फौजेत दाखल झाले. १८०८ मध्ये काठेवाडातील मालियाच्या लढाईत त्यांनी भाग घेतला. पुढे माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांचा विश्वास त्यांनी संपादन केला. पेशवाईच्या अस्तानंतर १८१८ मध्ये छत्रपती प्रतापसिंह महाराजांच्या दरबारी त्यांची नेमणूक झाली. १८२२ मध्ये कारभार महाराजांकडे सोपविला जाईपर्यंत साताऱ्याची सूत्रे त्यांच्याच हाती होती.

याच काळात त्यांनी पेशव्यांचे दप्तर, छत्रपतींच्या संग्रहातील कागदपत्रे, सनदा आणि बखरी अभ्यासल्या. अतिश्रमाने प्रकृती ढासळल्यामुळे ते मायदेशी परतले. तेथे त्यांनी हाती घेतलेले लेखन तडीस नेले. १८२६ मध्ये लंडनहून त्यांचा ग्रंथ तीन खंडांत प्रसिद्ध झाला. वारसाहक्काने मिळालेल्या इस्टेटीबरोबर त्यांनी डफ हे आडनाव धारण केले होते.

मोहिमा, वेढे आणि तह यांची त्यांची मांडणी काटेकोर होती. पण समाज आणि संतपरंपरा यांना तीत फारसे स्थान नव्हते. मराठ्यांचा उदय त्यांना सह्याद्रीतील वणव्यासारखा आकस्मिक वाटला. कॅप्टन डेव्हिड केपन यांच्या अनुवादामुळे हाच इतिहास मराठी वाचकांपर्यंत पोहोचला.

या ग्रंथाला पहिले मोठे आव्हान दिले ते डेक्कन कॉलेजचे तरुण विद्यार्थी नीळकंठ जनार्दन कीर्तने यांनी, १८६७ मध्ये. वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून अस्सल साधनांचे खंड प्रसिद्ध केले, तर न्यायमूर्ती रानडे यांनी १९०० मध्ये वणव्याच्या उपमेचे खंडन केले. डफ यांच्या उणिवा दाखविण्यासाठीच मराठी अभ्यासक कागदपत्रांकडे वळले आणि त्यातून महाराष्ट्रातील इतिहाससंशोधनाची परंपरा उभी राहिली.

प्रतापसिंह महाराजांची १८३९ मधील पदच्युती आणि १८४८ मध्ये सातारा राज्याचे विलीनीकरण या दोन्ही घटना डफ यांच्या हयातीतच घडल्या. २३ सप्टेंबर १८५८ रोजी त्यांचे निधन झाले. एल्फिन्स्टन यांचे नाव दिलेला त्यांचा पुत्र पुढे मद्रासचा गव्हर्नर झाला. डफ यांचे अनेक निष्कर्ष आज मागे पडले आहेत; तरीही मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकाला त्यांचा ग्रंथ टाळून पुढे जाता येत नाही.