नामयाची दासी संत जनाबाई

ताडकळस ज्या परभणी जिल्ह्यात वसले आहे, त्याच जिल्ह्यात गोदावरीच्या तीरी गंगाखेड हे पुण्यक्षेत्र आहे. वारकरी संप्रदायातील थोर संतकवयित्री जनाबाई यांची ही जन्मभूमी होय. तेराव्या शतकात दमा व करुंड या विठ्ठलभक्त दाम्पत्याच्या पोटी त्यांचा जन्म झाला, असे परंपरा सांगते. बालपणीच त्यांचे मातृछत्र हरपले. पुढे वडिलांनी त्यांना पंढरपूर येथे दामाशेटी शिंपी यांच्या घरी ठेवले. दामाशेटी हे संत नामदेव महाराजांचे पिताश्री.

दळण, कांडण, झाडलोट, पाणी भरणे, शेण्या वेचणे ही जनाबाईंची नित्याची कामे होती. जगाच्या दृष्टीने त्या एक निराधार दासी. अशा दासीची दखल कोण घेणार? आपल्याला कोणी नाही, हे दुःख त्यांनाही होते व ते त्यांनी आपल्या अभंगांतून निःसंकोचपणे बोलून दाखविले. परंतु त्या दुःखात त्या अडकून पडल्या नाहीत. जाते ओढता ओढता त्यांनी आपल्या अंतःकरणाचा शोध घेतला. दासीपण लपविण्याऐवजी त्यांनी तेच आपले नाम केले आणि 'नामयाची जनी' या मुद्रेने अभंग रचिले. कधी त्या विठ्ठलाला माउली म्हणून आळवितात, तर कधी त्याच्याशी हक्काने भांडतात. लोकलाज सोडून, खांद्यावर पदर टाकून भर बाजारात नामसंकीर्तनास निघण्याचा निर्धारही त्यांनी प्रकट केला आहे.

स्वतःला जसे आहे तसे स्वीकारणाऱ्या या भक्ताला प्रथम ओळखले ते पांडुरंगाने, अशी भाविकांची श्रद्धा आहे. देव त्यांच्यासवे दळू लागला, शेण्या वेचू लागला, त्यांचे अभंगही त्याने स्वहस्ते लिहिले, असे संतकथा सांगतात. देवाचे पदक चोरल्याचा आळ येऊन त्यांना सुळी देण्याची वेळ आली. तेव्हा नामस्मरण करताच सुळाचे पाणी झाले, अशीही आख्यायिका आहे. ज्यांनी दासी म्हणून पाहिले, त्यांनाही अखेर त्यांच्यातील संत दिसला.

शके १२७२ (इ. स. १३५०) मध्ये आषाढ वद्य त्रयोदशीस नामदेव महाराजांनी पंढरपुरी समाधी घेतली. जनाबाईही त्याच दिवशी विठ्ठलचरणी लीन झाल्या, असे परंपरा मानते. त्यांच्या नावावर सुमारे साडेतीनशे अभंग आहेत. महाराष्ट्रात घरोघरी जात्यावर बसणाऱ्या स्त्रियांनी त्यांना आपली 'जनी' मानले आणि ओव्यांतून तिची आठवण पिढ्यान्‌पिढ्या जपली.

गंगाखेड येथे संत जनाबाईंचे मंदिर आहे. पंढरपूरजवळील गोपाळपूर येथे त्यांच्या संसाराची व जात्याची स्मृती जतन केलेली आहे. भाविकांनी या दोन्ही स्थळांचे दर्शन अवश्य घ्यावे. आपले उणेपण देवापुढे निर्मळ मनाने मांडले की मान मिळविण्यासाठी वेगळे सोंग घ्यावे लागत नाही, हाच या थोर चरित्राचा बोध आहे.