प्रज्ञाचक्षु श्रीगुलाबराव महाराज आणि श्वासावरचे नाम

कार्तिकी पौर्णिमा सरली, की दुसऱ्या दिवशी वद्य प्रतिपदेस आमच्या कौंडण्यपुरास दहीहंडीचा सोहळा होतो. पंढरीचा राणा त्या दिवशी सासुरवाडीस येतो, अशी वऱ्हाडची भावना आहे. वर्धा नदीच्या काठी उंच टेकाडावर विठ्ठल-रुक्मिणीचे मंदिर आहे आणि जवळच अंबिकामातेचे ठाणे. भीष्मक राजाचे कुंडिनपूर ते हेच, आईसाहेबांचे माहेर. सद्गुरु सदाराम महाराजांनी १५९४ साली येथून पंढरीस पालखी नेण्यास आरंभ केला, असे येथील परंपरा सांगते. अशा ठिकाणी कीर्तनास उभे राहावयाचे म्हणजे कीर्तनकाराच्या अंगावर मूठभर मांस चढते. तसे ते माझ्याही चढले होते. त्या चढलेल्या मांसाने काय केले, ते पुढे सांगतो. आधी महाराजांचे चरित्र.

श्रीगुलाबराव महाराजांचा जन्म अमरावती जिल्ह्यातील लोणी टाकळी ह्या गावी ६ जुलै १८८१ रोजी झाला. तिथी होती आषाढ शुद्ध दशमी, शके १८०३. वारकऱ्याला ह्या तिथीचे निराळे महत्त्व सांगावे लागत नाही. त्या दिवशी साऱ्या दिंड्या पंढरीच्या वेशीशी आलेल्या असतात आणि उद्याच्या एकादशीसाठी प्रत्येकाचा जीव कंठाशी आलेला असतो. घराणे मोहोडांचे, कुणबी पाटलांचे. गाव माधान, चांदूर बाजार तालुक्यातले. वडिलांचे नाव गोंदुजी, आईचे अलोकाबाई. मूल जन्मले ते चांगले डोळस. पण नवव्या महिन्यात डोळ्यांचे दुखणे आले आणि दृष्टी कायमची गेली. चौथ्या वर्षी आई गेली. मग आजोळी, आजीच्या मांडीवर, लोणी टाकळीस सहाएक वर्षे काढली.

आता ह्या वयाची एक हकीकत त्यांच्या चरित्रात सांगतात. पोर रात्री अंथरुणातून उठून पद्मासन घालून बसे. शेजारी निजलेल्यांनी पाहावे तो पोराचा श्वास चाललेला दिसू नये. घरची माणसे घाबरून जात. आई नसलेले, डोळे गेलेले लेकरू, आणि आता श्वासही नाही! आजीच्या पोटात काय झाले असेल, त्याची कल्पना मी पुष्कळ वर्षे केलीच नाही, हा माझा दोष.

कारण कीर्तनात ही हकीकत मी चमत्कार म्हणून रंगवून सांगत असे. मृदंग्याला खूण करावयाची, टाळ थांबवावयाचे, सभामंडपात निःशब्दता करावयाची आणि मग पोराचा श्वास थांबला असे हळू आवाजात सांगावयाचे. श्रोतेही आपला श्वास रोखून धरीत. टाळ्या मिळत. एके वर्षी कौंडण्यपुरातच हे आख्यान झाले. चार महिन्यांनी जवळच्या गावची एक बाई आपल्या पंधरा वर्षांच्या मुलाला घेऊन माझ्या बिऱ्हाडी आली. पोरगा माझे कीर्तन ऐकून गेला आणि रोज रात्री नाक दाबून श्वास कोंडू लागला. समाधी लागावी म्हणून! दोनदा घेरी येऊन पडला. एकदा तर चुलीच्या कडेवर डोके आपटून कपाळ फुटले. बाई रागावली नव्हती. रागावली असती तर बरे झाले असते. तिने एवढेच विचारले, की तुम्ही सांगितले ते खरे असेल तर माझ्या पोराचे कुठे चुकले?

मला उत्तर देता येईना. व्याकरण झाले, न्याय झाला, वेदान्त झाला. गुरुजींच्या छड्या खाऊन सूत्रे पाठ केली. आणि एका कापूस वेचणाऱ्या बाईसमोर जीभ टाळ्याला चिकटली. त्या रात्री पोथ्या सोडून बसलो.

शास्त्र काय सांगते? छांदोग्य उपनिषदात मनाला दोरीने बांधलेल्या पाखराची उपमा दिली आहे. पाखरू दाही दिशांना उडते, कोठेच थारा मिळत नाही, आणि शेवटी जेथे बांधले आहे तेथेच येऊन बसते. मन बांधलेले आहे प्राणाला. पतंजलींनी योगसूत्रांच्या पहिल्याच पादात चित्ताच्या विक्षेपाबरोबर येणारी लक्षणे दिली आहेत : दुःख, मनाची खिन्नता, अंगाचा कंप, आणि श्वास-प्रश्वासाची ओढाताण. म्हणजे मन बिघडले की श्वास बिघडतो. त्याच पादात पुढे श्वास सोडण्याचा आणि धरण्याचा उपायही आहे, नाही असे नाही; पण तो अनेक उपायांतला एक, आणि तोही जाणत्याच्या देखरेखीखाली करावयाचा. आमच्या माउलींनी सहाव्या अध्यायात कुंडलिनीचे एवढे अद्भुत वर्णन केले, आणि बाराव्यात मात्र त्याच वाटेचे कष्ट असे सांगितले, की ऐकणाऱ्याने भक्तीचाच हात धरावा.

तेव्हा माझ्या ध्यानात आले. लोणी टाकळीच्या त्या पोराने श्वास कोंडला नव्हता. त्याचे मन नामात, ध्यानात इतके बसले, की श्वास आपोआप बारीक झाला. गाढ झोपलेल्या तान्ह्या मुलाच्या नाकाशी आई सूत धरून पाहते, तितका बारीक. आधी मन, मागून श्वास. मी सांगताना बैलाच्या पुढे गाडी जुंपली होती, आणि त्या गाडीखाली एका गरिबाचे पोर सापडले.

असो. महाराजांचे पुढचे आयुष्य पाहिले म्हणजे ही गोष्ट अधिक उलगडते. ते रानात जाऊन बसले नाहीत. १८९६ साली मणकर्णिकाबाईंशी त्यांचे लग्न झाले; प्रपंच झाला. वेद, उपनिषदे, दर्शने, पुराणे दुसऱ्याकडून वाचवून घ्यावयाची, एकदा ऐकले की ते पक्के, आणि मग आपण सांगावयाचे व लिहिणाऱ्याने लिहावयाचे. चौतीस वर्षांचे उणेपुरे आयुष्य. त्यात लहानमोठे सव्वाशेहून अधिक ग्रंथ झाले, मराठीत, संस्कृतात, हिंदीत, वऱ्हाडीतसुद्धा. मानसिक व्याधींचा विचार करणारा मानसायुर्वेद त्यांनी केला. योगावर योगप्रभाव आहे, गायनावर गानसोपान आहे. डार्विन आणि स्पेन्सर ह्यांची मते वाचवून घेऊन त्यांचाही समाचार घेतला. माधानसारख्या खेड्यात बसून, हे विसरू नये.

मला नेहमी वाटते, डोळे नसल्यामुळे महाराजांचे कान निराळे झाले असावेत. हा माझा तर्क आहे, चरित्रातला आधार नव्हे. माझ्या तरुणपणी एक अंध मृदंगी साथीला असत. गाणारा चरण उचलण्याआधी श्वास कसा घेतो, त्यावरून तो समेवर येणार की घसरणार, हे त्यांना आधी कळे. आम्ही डोळस माणसे दुसऱ्याचे तोंड पाहतो. ते श्वास ऐकत. स्वतःचाही ऐकत असतील. डोळसाला आपल्या नाकाखाली चाललेला व्यवहार दिसत नाही, एवढे खरे.

१९०१ साली महाराजांना साक्षात् ज्ञानेश्वर माउलींचा अनुग्रह झाला. माउलींनी मांडीवर घेऊन आपल्याच नावाचा मंत्र दिला, असे संप्रदायात मानतात. तेव्हापासून ते स्वतःला ज्ञानेश्वरकन्या म्हणवू लागले. १९०५ पासून त्यांनी कात्यायनीव्रत धरले. गोकुळच्या गोपींनी कृष्ण पती मिळावा म्हणून केलेले ते व्रत. कुंकू, मंगळसूत्र, वेणी अशी सौभाग्याची चिन्हे त्यांनी अंगावर घेतली. लोक हसले असतील, आजही हसणारे भेटतात. पण आमच्या कौंडण्यपुरात उभे राहून हे चरित्र सांगताना मला हसू येत नाही. ह्याच मातीतली एक राजकन्या अंबिकेच्या दर्शनास निघाली, तेव्हा तिचे अंग देवळाकडे चालले होते आणि प्राण द्वारकेच्या वाटेवर लागला होता. लोकांना ती फक्त चालताना दिसली. आत काय चालले होते ते तिचे तिलाच ठाऊक. महाराजांच्या मधुराद्वैताचे मर्म मला येथे सापडते : जीव-ब्रह्म एक आहे हे कळल्यावरही प्रेम संपत नाही, कळल्यावरच ते निर्धास्तपणे करता येते.

आता श्वासावर नाम घेणे ह्या गोष्टीकडे या. जुन्यांचा हिशेब असा, की माणूस दिवसरात्रीत २१,६०० श्वास घेतो. मिनिटाला पंधरा धरले तर गणित बरोबर जुळते. श्वास आत जाताना आणि बाहेर येताना आपोआप जप होतोच आहे, त्यालाच अजपा म्हणतात. आपले फक्त तिकडे लक्ष नाही. भगवान बुद्धांच्या परंपरेत नुसता येणारा-जाणारा श्वास पाहावयास शिकवितात, त्याला आनापान म्हणतात. आपल्या इगतपुरीस १९७६ पासून त्याची शिबिरे होत आली आहेत. तेथे श्वासाला नाव जोडीत नाहीत. आपण जोडतो. माझे मत असे, की ज्याला जे झेपेल ते त्याने करावे, ह्यावरून भांडू नये. नामाचा एक गुण मात्र वैद्यांनाही दिसला आहे. २००१ साली इटलीतल्या वैद्यांनी तपासून लिहिले, की तिकडची जपमाळ म्हणताना किंवा मंत्र म्हणताना श्वास मिनिटाला सुमारे सहापर्यंत संथ होतो आणि हृदयाची लय त्याच्याशी जुळते. आमच्या दिंडीत हरिपाठ म्हणणाऱ्याला हे कोणी सांगावे लागले नाही. चरण म्हणावयाचा म्हणजे श्वास लांब सोडावाच लागतो. श्वास सोडताना हृदय जरा मंद चालते, हा देहाचा धर्मच आहे. नाक दाबण्याचे कामच उरत नाही.

हे सारे त्या बाईला सांगावे म्हणून मी तिच्या गावी गेलो. कार्तिकाचे दिवस होते. ती शेतात होती. बांधावर उभा राहून पाहतो तो ओटी बांधून कापूस वेचीत होती. बोंड हाती आले की ओठ हलावयाचे, ओटीत टाकले की श्वास सुटावयाचा. घाई नाही, थांबणे नाही. मध्येच कोणी हाक मारली तर ओ देई, आणि पुन्हा तेच. मी विचारले, तेव्हा ती लाजली. तिच्या सासूने तिला लावलेली सवय होती. कंबर दुखत नाही म्हणून, एवढेच कारण तिला ठाऊक. मी पोथ्यांचे गाठोडे मनातल्या मनात पुन्हा बांधले. पोराला माझ्यापेक्षा चांगला गुरु घरातच होता, आणि मी त्याला रात्री श्वास कोंडावयास लावून आलो होतो. तिची क्षमा मागितली. तिने मला भाकरी खाऊ घातली.

महाराजांनी २० सप्टेंबर १९१५ रोजी, भाद्रपद शुद्ध द्वादशीस, पुण्यास देह ठेवला. वय चौतीस. नारायण पंडित, ज्यांना बाबाजी महाराज म्हणतात, त्यांनी पुढे ते वाङ्मय सांभाळले म्हणून आज ते आपल्या हाती आहे. आजीने लोणी टाकळीस ज्या श्वासाची रात्र रात्र काळजी केली, तो तेथे थांबला.

मी ते आख्यान अजून लावतो. टाळ थांबवीत नाही. पोराचा श्वास दिसेनासा झाला, ह्या जागी आता आजी उठून त्याच्या छातीवर हात ठेवते आणि तो हात किती वेळ तसाच राहतो, तेवढे सांगतो. गेल्या काल्याला मागच्या रांगेत तो मुलगा टाळ घेऊन उभा होता. आता चांगला बाप्या झाला आहे. कपाळावरचा व्रण बुक्क्याखाली झाकला गेला होता. माझाच दम मध्ये लागला, वय झाले. तेव्हा त्याने न सांगता चरण उचलला आणि मला श्वास घेण्यापुरती उसंत दिली.